माझ्या नावावरच्या उशिराच्या खुणा

घरमालकांच्या मुलाचं लग्न ठरलं आणि त्यांनी आम्हाला जागा रिकामी करायला सांगितली. दोन हजार सहा सालची गोष्ट. मी पावसच्या बाजूला एका गावात जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत शिकवत होते. रत्नागिरीहून सकाळच्या एसटीने जायचं, दुपार कलली की परतायचं. नवऱ्याचं विजेच्या मोटारी आणि पंखे दुरुस्त करायचं लहानसं दुकान होतं. मुलगी तिसरीत. आम्ही दोघांनी ठरवलं की आता दुसरी भाड्याची जागा शोधायची नाही. नाचणे गावाच्या रस्त्याला एक इमारत उभी राहत होती, तिथे दोन खोल्यांचा फ्लॅट बघितला आणि साठवलेले पैसे देऊन तो नोंदवूनही टाकला. बाकीचं बँक देईल, याबद्दल कोणालाच शंका नव्हती. सरकारी पगार असलेल्या मास्तरणीला कर्ज कोण नाकारणार?

फेब्रुवारीत बँकेतून बोलावणं आलं. कर्ज बघणारे साहेब वयाने माझ्याएवढेच असतील. त्यांनी मला बसायला सांगितलं, समोरची फाईल उघडली आणि विचारलं, "मॅडम, तुमच्या नावावर आधीचं एक कर्ज आहे, ते अर्जात का नाही लिहिलंत?"

"माझ्या नावावर? मी कुठलंच कर्ज घेतलेलं नाही."

"बघा बरं आठवून. घरासाठीचं."

मग माझ्या लक्षात आलं. माझ्या धाकट्या भावाने दोन वर्षांपूर्वी राजिवड्यातलं आमचं जुनं घर पाडून नवीन बांधलं होतं. तो आखातात एसी बसवायचं काम करायचा. बाहेरदेशी असणाऱ्याला एकट्याला कर्ज द्यायला त्याने कर्ज मागितलेली दुसरी बँक तयार नव्हती, म्हणून पगारदार बहीण सहअर्जदार लागली होती. मी जाऊन सह्या करून आले होते. हप्ते तो तिकडून भरायचा. माझ्या दृष्टीने ते त्याचं कर्ज होतं.

"ते भावाचं आहे," मी म्हणाले.

"दोघांचं आहे." त्यांनी फाईलमधला एक कागद माझ्याकडे वळवला. "आता सगळ्या बँका आपापल्या कर्जांची माहिती मुंबईच्या एका कंपनीला देतात. कोणी हप्ता वेळेवर भरला, कोणी उशिरा भरला. आम्ही कर्ज देण्याआधी तिथून रिपोर्ट मागवतो. हा तुमचा."

कागदावर माझं नाव होतं, लग्नाआधीचं, नोकरीच्या कागदांवर अजून तेच चालायचं. खाली चौकटींची एक ओळ होती, महिन्याला एक चौकट. साहेबांनी पेन्सिलीच्या टोकाने दाखवलं. "हे शून्य म्हणजे वेळेवर. हे सगळे शून्य, बघा, छान आहे. आणि इथून हे. तीस म्हणजे तीस दिवस उशीर. मग साठ. मग नव्वद."

मी त्या आकड्यांकडे बघत राहिले. परीक्षेच्या गुणपत्रिका मी वर्षानुवर्षं भरत आले होते. स्वतःच्या नावापुढे लाल रेघ कशी दिसते ते तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"मी कोणाचा पैसा बुडवलेला नाही," मी म्हणाले.

"तुम्ही बुडवला असं मी म्हणत नाही. पण या खुणा असताना मी तुमचा अर्ज पुढे पाठवू शकत नाही. आधी तिकडे काय झालंय ते बघा." मग जरा थांबून ते म्हणाले, "भाऊ बरा आहे ना?"

हा प्रश्न त्यांनी सहज विचारला असेल. मी हो म्हणून बाहेर आले. रस्त्यावर ऊन होतं, भाजीवाल्या बसल्या होत्या, आणि मी तिथल्या तिथे उभी राहिले. तोपर्यंत मला फ्लॅटची काळजी वाटत होती. आता भावाची वाटू लागली. माझा भाऊ दर शुक्रवारी नमाज झाली की अम्मीला फोन करायचा. गेल्याच शुक्रवारी त्याने केला होता. अम्मीने कालवण कसलं केलंय ते त्याने विचारलं होतं, माझ्या मुलीला गाणं म्हणायला लावलं होतं, खदखदून हसला होता. अम्मीच्या खर्चाचे थोडे पैसेही ओळखीच्या माणसाबरोबर आले होते. मग हप्ते कसे थांबले? जो माणूस पहिला हप्ता भरल्यावर आनंदाने रडला होता, तो चार महिने गप्प राहून हसत कसा होता?

त्याचं काहीतरी झालं होतं. काय ते मला माहीत नव्हतं, आणि माहीत नसल्यामुळे डोक्यात सगळंच येत होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकून मी त्या दुसऱ्या बँकेत गेले. तिथले वसुलीचे साहेब वयस्कर होते, चष्म्यावरून बघणारे. मी नाव सांगताच त्यांनी खुर्ची मागे सरकवली.

"अहो, तुम्हाला आम्ही किती शोधलं! चार पत्रं पाठवली. सगळी परत."

पत्रं परत का गेली ते कळल्यावर मला हसावं की रडावं ते समजेना. कर्जाच्या कागदांवर आम्हा दोघांचा पत्ता पाडलेल्या घराचा होता आणि फोन त्याच घरातला. घर पाडलं तेव्हा फोन बंद झाला. नव्या घराला घरक्रमांकही नवा मिळाला. पोस्टमनही नवा आलेला. त्याने जुन्या नंबराचं घर अस्तित्वात नाही असा शेरा मारून पाकिटं परत पाठवली होती. ज्या घरासाठी कर्ज घेतलं, त्याच घरामुळे आम्ही बँकेला सापडत नव्हतो.

"आमचा माणूसही विचारत विचारत येऊन गेला एकदा," साहेब म्हणाले. "म्हातारी बाई भेटली. मुलगा ईदला येईल म्हणाली."

"ती माझी आई."

"तुम्ही शिक्षिका आहात म्हणून स्पष्ट सांगतो. मार्चअखेर आली. तोवर थकलेलं सगळं भरून खातं सुरळीत झालं नाही, तर आम्हाला पुढचं करावं लागेल. घरावर नोटीस लागेल. आणि तुमचा पगार जिथून निघतो त्या कार्यालयाला पत्र जाईल."

मी मान हलवली.

त्यानंतरचे आठवडे मी कसे काढले ते आजही नीट सांगता येत नाही. वर्गात फळ्याकडे तोंड करून लिहिताना दाराशी सावली पडली की खडू हातातून सुटायचा. बहुतेक वेळा पाणी पिऊन आलेली, आत यायची परवानगी मागणारी कुठली तरी मुलगी असायची. मुख्याध्यापकांनी नुसती हाक मारली तरी वाटायचं, पत्र आलं. मोबाइलवर अनोळखी नंबर दिसला की मी तो वाजू द्यायची आणि मग तासभर विचार करत बसायची की कोण असेल. भाट्याच्या पुलावरून एसटी जाताना खाडीपलीकडे राजिवड्यातली घरं दिसतात. मी रोज आमचं घर शोधायची. दारावर काही पांढरं चिकटवलेलं दिसतंय का, ते बघायची. एवढ्या लांबून दिसणं शक्य नव्हतं, तरी बघायची.

अम्मीला यातलं काही सांगायचं नव्हतं. तिला रक्तदाब होता, आणि वडील गेल्यापासून सगळा जीव त्या मुलात होता. तरी मी एकदा अंदाज घ्यायला विचारलं, "अम्मी, घरी कोण बँकेचा माणूस आला होता का?"

"आलावता की एक. बरा होता गो. चाय दिला त्याला. मी म्हटलं विम्याचा असेल. मुलगा कधी येणार, मुलगा कधी येणार, दोनदोनदा विचारत होता." तिने कपाळावर आठी घातली. "का गो?"

"काही नाही. सहज."

"तू अशी काय दिसतेस? जेवत नाहीस काय?"

शुक्रवारी मी शाळेतून थेट अम्मीकडे गेले. फोन आला, अम्मी बोलली, माझी मुलगी बोलली. नंबर पुन्हा वेगळा होता. गेले काही महिने तो दरवेळी वेगवेगळ्या नंबरवरून बोलत होता. कार्ड स्वस्त मिळतं म्हणून, असं त्याने सांगितलं होतं आणि आम्ही मान्य केलं होतं. मी फोन घेतला आणि मागच्या दाराने बाहेर आले. ओहोटी होती, खाडीच्या चिखलात होड्या कलंडून पडल्या होत्या.

"कसा आहेस?"

"मस्त. तू कशी आहेस, आपा?"

"कामावर जातोस ना?"

"म्हणजे काय! कामाशिवाय इथे कोण ठेवतो?"

"मग हप्ते का भरले नाहीस?"

त्याच्या मागे गाड्यांचा आवाज येत होता, कोणीतरी पाण्याचा पाइप सोडल्यासारखा फवारा वाजत होता.

"कोणी सांगितलं तुला?"

"बँकेने. माझ्या नावावर सगळं दिसतं आता. तू कुठे आहेस? खरं सांग मला."

"भरतो, आपा. पुढच्या महिन्यात सगळं भरतो. तू अम्मीला सांगू नको."

"मी पैशाचं विचारत नाही रे, मी तुला विचारतेय—"

फोन बंद झाला. मी लगेच तो नंबर लावला. बराच वेळ वाजल्यावर एका माणसाने उचलला, तो भलत्याच भाषेत काहीतरी बोलला आणि त्यानेही ठेवून दिला.

पुढच्या शुक्रवारी फोन आलाच नाही.

अम्मी मोबाइल हातात घेऊन बसून राहिली. "कार्ड संपलं असेल," ती स्वतःशीच म्हणाली. मग म्हणाली, "लाइन लागत नसेल." मी तिच्या शेजारी बसले होते आणि माझ्या मनात एकच गोष्ट फिरत होती: मी विचारलं म्हणून तो बंद झाला. त्याच्या शहरात उंच इमारतींवरून पडून मरणाऱ्या माणसांच्या गोष्टी आम्ही ऐकल्या होत्या. कर्जापायी कोणी स्वतःहून उडी मारली अशाही ऐकल्या होत्या. त्या गोष्टी आमच्याकडे जेवताना सांगतात, जशा समुद्रावर गेलेल्या होड्यांच्या सांगतात. ऐकणारा म्हणतो, अल्ला रहम करे, आणि पुढचा घास घेतो. आता मला घास गिळता येत नव्हता.

त्याच्या पुढच्या शुक्रवारीही फोन आला नाही. त्या दिवशी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तोपर्यंत मी त्याला फक्त एवढंच सांगितलं होतं की कर्जाला वेळ लागतोय.

तो दुकानातून आला होता, हाताला मोटारींना लावायच्या वार्निशचा वास होता. सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "म्हणजे फ्लॅट गेला."

"मी भावाचं बोलतेय."

"मीही त्याचंच बोलतोय. घरमालकाला आपण मेअखेरची तारीख दिलीय." मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि त्याचा आवाज बदलला. "त्याच्याबरोबर मंडणगडचा एक होता ना? सुट्टीत आला होता आपल्याकडे, उंच, तोतरा बोलणारा. तो नुकताच परत आलाय असं ऐकलं मी. विचारू या का त्याला?"

रविवारी आम्ही दोघं मंडणगडला गेलो. एसटी इतक्या वळणांनी चढते-उतरते की एरवी मला मळमळतं. त्या दिवशी काही जाणवलं नाही. मी रस्ताभर ठरवत होते की त्या माणसाने वाईट बातमी दिली तर अम्मीला कोणत्या शब्दांत सांगायची. शब्द सापडत नव्हते.

तो माणूस घराच्या पडवीत बसला होता. आम्हाला बघून उठला, आणि त्याच्या चेहऱ्यावरून मला वाटलं की वाईटच बातमी आहे. मी पायरीवरच बसले.

"जि-जिता आहे," तो पहिल्यांदा तेच म्हणाला. "आपा, जिता आहे तो."

मग त्याने हळूहळू सांगितलं. त्यांच्या कंपनीचा मालक पैसे घेऊन पळाला होता. पगार आधी उशिरा झाले, मग थांबलेच. कामगारांच्या कॅम्पातली वीज कापली, पाणी बंद झालं. पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत, आणि कंपनीला कुलूप. माझा भाऊ कॅम्प सोडून शहरात गेला होता आणि चोरून लोकांच्या गाड्या धूत होता. त्याच्या कागदांची मुदत संपली होती. पोलिसांनी पकडला असता तर तुरुंग होता. एका खोलीत दहाबारा जण, आळीपाळीने झोपायचे. जे मिळायचं त्यातलं तो अम्मीला पाठवायचा.

"तू कसा आलास मग?" माझ्या नवऱ्याने विचारलं.

"आम्ही वकिलातीत गेलो. तिथे आपली माणसं मदत करतात. घरी जायचा कागद देतात, पासपोर्टाच्या जागी. तिकडच्या पोलिसांपुढे उभं राहावं लागतं, दंडाचं बघावं लागतं, पण येता येतं."

"आणि हा का नाही आला?"

त्याने खाली बघितलं. "तो म्हणतो, मी आलो तर मुंबईला विमानतळावरच पकडतील. बँकेचे हप्ते राहिलेत ना. कोणीतरी डोक्यात भरवलंय, कर्ज बुडवणाऱ्याचं नाव विमानतळावर असतं म्हणून. आणि म्हणतो, माझ्यामुळे आपाची नोकरी जाईल, आपा मला तोंड दाखवणार नाही. तुम्ही फोनवर विचारलंत त्यानंतर तर तो फारच घाबरलाय. मी निघायच्या आधी समजावलं. नाही ऐकत."

मी रस्ताभर ज्याला घाबरत होते ते घडलं नव्हतं, पण हे ऐकून सुटकाही वाटली नाही. माझा भाऊ दोन बाजूंच्या पोलिसांना भिऊन मधल्या मधे लपून बसला होता, आणि त्यातली एक बाजू खरी आहे की खोटी हे आम्हा कोणालाच माहीत नव्हतं.

सोमवारी मी वसुलीच्या साहेबांपुढे जाऊन बसले आणि सरळ विचारलं, "साहेब, माझा भाऊ परत आला तर त्याला विमानतळावर अटक होईल का?"

त्यांनी चष्मा काढला. "कशाला?"

"हप्ते राहिले म्हणून."

"अहो मॅडम, हप्ता राहिला म्हणून कोणी कोणाला विमानतळावर पकडत नाही. आम्ही फार तर घर जप्त करू. माणसाचं काय करायचंय आम्हाला?" मग त्यांना बहुतेक माझा चेहरा दिसला असावा, कारण ते जरा मऊ झाले. "आम्ही काही फिर्याद केलेली नाही. थकबाकी भरा, खातं सुरळीत करा. मी तुम्हाला तसं लेखी देतो."

"आणि माझ्या नावावरच्या त्या खुणा?"

"त्या राहणार. उशीर झाला तो झाला. आम्ही खरं तेच कळवलंय. पुढच्या चौकटी चांगल्या करा, एवढंच तुमच्या हातात."

फ्लॅट सोडायचा हे मी तिथेच ठरवलं, पण नवऱ्याला सांगायची हिंमत होईना. त्याने त्या दोन खोल्यांत स्वतःच्या हाताने वायरिंग करायचं ठरवलं होतं. कुठे पंखा, कुठे ट्यूब, ते मुलीला जमिनीवर खडूने काढून दाखवायचा. त्याने शेवटचा एक प्रयत्न केला. चिपळूणच्या एका माणसाला घेऊन तो घरी आला. माणसाचा शर्ट इस्त्रीचा, बोलणं गोड. बँकेच्या रिपोर्टमधल्या खुणा आपण मुंबईतून पुसून देतो, असं तो म्हणाला. वरपर्यंत ओळख आहे. थोडी फी लागेल, आणि ताईंच्या सहीचे दोन कोरे चेक.

"कोरे कशाला?" मी विचारलं.

"तिकडची फी नक्की किती ते आधी सांगता येत नाही ना, ताई."

मला खरं तर मोह झाला. ती ओळ पुसली जाईल, सगळे शून्य होतील, दाराशी सावली पडली तर खडू हातात राहील. मी चेकबुक आणायला उठलेसुद्धा. आतल्या खोलीत कपाटापुढे उभी असताना आठवलं की सहीमुळेच हे सगळं सुरू झालं. मी बाहेर येऊन म्हणाले, "साहेबांनी सांगितलंय, खरं झालेलं कोणी पुसत नाही."

तो माणूस हसला. "साहेब लोक तसंच म्हणतात."

"मग मला नको."

तो गेल्यावर नवऱ्याने दार लावलं. मग म्हणाला, "बिल्डर नोंदणीचे सगळे पैसे परत देणार नाही. काही कापून घेईल."

"घेऊ दे."

"आणि राहायचं कुठे?"

"अम्मीकडे. तेच घर आपण वाचवतोय ना."

"सासरवाडीत राहायला जाऊ मी?" तो उठून दुकानात गेला. दुसऱ्या दिवशी मात्र बिल्डरकडे तोच गेला आणि भांडून भांडून, बरंचसं परत घेऊन आला. उरलेल्यासाठी मी भविष्य निर्वाह निधीतून उचल घेतली. मार्चअखेरच्या आधी थकबाकी भरली. साहेबांनी बोलल्याप्रमाणे लेखी दिलं.

मंडणगडच्या त्या माणसाने त्याच्या एका दोस्ताकडून भावाला निरोप पोहोचवला. मी निरोपात एवढंच सांगायला लावलं: हप्ते भरले, कोणी पकडणार नाही, आपा वाट बघतेय. पोहोचला की नाही, काही कळेना. आणि मग एका दुपारी, शुक्रवार नसताना, माझा मोबाइल वाजला. अनोळखी नंबर. मी तो वाजू दिला नाही.

"आपा," तो म्हणाला. वर्गातली मुलं माझ्याकडे बघत राहिली.

"वकिलातीत जा," मी म्हणाले. "आजच जा."

"नक्की नाही ना पकडणार?"

"नाही. लिहून घेतलंय मी."

कागद मिळायला आणि तिकडचं सगळं उरकायला उन्हाळा गेला. आम्ही तोवर अम्मीकडे राहायला गेलो होतो. तो येणार होता त्याच्या आदल्या रात्रीच नवरा मुंबईला गेला. विमान सकाळी उतरणार होतं. मी अम्मीजवळ होते. ती स्वयंपाकघरात तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. तिला वाटत होतं मुलगा रजेवर येतोय.

विमान उतरलं, असा नवऱ्याचा फोन आला. मग बाहेर लोक येऊ लागले, असा आला. मग म्हणाला, "सगळे आले. तो नाही आला."

मी मागच्या दाराने बाहेर गेले. भरती होती, पाणी पायरीला लागलं होतं. मी साहेबांचा लेखी कागद आठवून बघितला, प्रत्येक शब्द. त्यांनी त्यांच्या बँकेपुरतं लिहिलं होतं. दुसऱ्या कोणी काही केलं असेल तर? त्याने तिकडे आणखी कोणाकडून काही घेतलं असेल तर? माझ्या सांगण्यावरून तो आला होता. लपूनछपून का होईना, बाहेर होता. मी त्याला बोलावून आत घातलं, असं मला वाटू लागलं. आतून अम्मी विचारत होती, "उतरला काय गो? काय म्हणतो?" आणि मी नुसतं "हो, हो" म्हणत होते.

दुपारची अजान झाली तेव्हा फोन वाजला. आवाज नवऱ्याचा होता. "आला बाहेर. पासपोर्ट नाही म्हणून बाजूला बसवून ठेवलं होतं, नाव-गाव विचारत होते. पायांत नुसत्या रबरी चपला आहेत त्याच्या. मी त्याला आधी जेवायला घालतो."

मी आत जाऊन अम्मीला मिठी मारली. तिच्या हाताचं पीठ माझ्या ओढणीला लागलं. तिने मला बाजूला करून नीट बघितलं आणि म्हणाली, "आता तरी सांगशील, काय होतं ते?"

मी सांगितलं. ती खाली बसली, रडली, मला दोन शिव्या दिल्या, आणि मग भाकरी तव्यावर जळाली म्हणून उठली.

भाऊ आला तेव्हा त्याचा सदरा खांद्यावरून घसरत होता, इतका तो वाळला होता. पहिले काही महिने तो घराबाहेर पडत नसे. गल्लीत मोटारसायकल थांबली की आतल्या खोलीत जायचा. मग माझ्या नवऱ्याने त्याला दुकानात बसवलं. फ्रिज आणि एसीचं काम त्याला चांगलं येत होतं. मिरकरवाड्याच्या बर्फाच्या कारखान्यांतून बोलावणी येऊ लागली. सासरवाडीत राहायला नको म्हणणारा माझा नवरा आणि तो, दोघं एकाच स्कूटरवरून कामाला जाऊ लागले. हप्ता दोघं मिळून भरायचे, तारखेच्या आधी. आधी भरला तरी मी पासबुक बघितल्याशिवाय झोपत नसे.

तीन वर्षांनी, दोन हजार नऊमध्ये, त्या दोघांना दुकान वाढवायचं होतं. कर्जासाठी माझीच सही लागणार होती. मी पहिल्या, फ्लॅटसाठी अर्ज केलेल्या बँकेत गेले. ते साहेब बदलून गेले होते, त्यांच्या जागी एक बाई होत्या. त्यांनी रिपोर्ट मागवला होता. त्यांचं बोट चौकटींवरून सरकत होतं. ते बोट थांबलं. ज्या ठिकाणी थांबणार हे मला माहीत होतं, तिथेच.

"इथे काय झालं होतं?" त्यांनी विचारलं.

"भाऊ आखातात अडकला होता. पगार नव्हता, कागद नव्हते. आम्हाला हप्त्यांवरूनच कळलं."

त्यांनी मान वर केली. "मग? आला का परत?"

"आला. बाहेर बसलाय, बाकावर."

त्यांनी काचेतून बाहेर बघितलं. माझा भाऊ बाकाच्या अगदी कडेला बसला होता, हात गुडघ्यांवर, कोणी बोलावलं तर लगेच उठता येईल असा. बाईंनी त्याच्याकडे थोडा वेळ बघितलं, मग चौकटींच्या पुढच्या शून्यांवरून पेन्सिल फिरवली.

"मागितलंय तेवढं होणार नाही," त्या म्हणाल्या. "या खुणांमुळे वरून कमी करतील. पण मी पाठवते."

पुढे कमीच मिळालं. त्या दिवशी बाहेर येऊन मी भावाला कमी मिळेल असं सांगितलं. त्याने विचारलं, "माझं नाव निघालं का आत?"

"निघालं."

"काय म्हणाल्या?"

"विचारलं, परत आला का म्हणून."

त्याने काचेतून एकदा त्या बाईंकडे बघितलं. मग स्कूटर काढली आणि हप्त्याची तारीख कोणती असेल ते विचारलं.